इंजिन माउंटचे बोल्ट: कॅसल नट की लॉकनट?

घरी बांधलेल्या विमानात इंजिन माउंट (इंजिन पेलणारा सांगाडा) फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या आगरोधक भिंतीला, धरून ठेवणारे बोल्ट मोजकेच असतात, आणि इंजिनची थरथर त्यांना उसंत देत नाही. त्यामुळे नटाची निवड मी कधीच घाईत करत नाही.

पूर्ण धातूचा लॉकनट बसवायला सोपा. ठरलेला टॉर्क (आवळण्याचा पीळ) दिला की झालं. त्याचा दबलेला माथा आटे आवळून धरतो. मात्र इथे आत नायलॉनचं कडं असलेला लॉकनट नको, सुमारे 120 अंश सेल्सिअसच्या वर त्याचा भरवसा नाही. जुना लॉकनट बोटांनी सहज फिरला, तर सरळ टाकून द्यावा.

कॅसल नट, म्हणजे माथ्यावर खाचा असलेला नट, वेळखाऊ. भोक असलेला बोल्ट लागतो. टॉर्कच्या खालच्या मर्यादेपासून हळूहळू आवळत खाच भोकासमोर आणायची; जुळली नाही तर वॉशर बदलायचा. खाच जुळवायला नट मागे सैल करणं मला अजिबात मान्य नाही. खाच आणि भोकातून घालून टोकं वाकवायची कॉटर पिन दर वेळी नवी. ती जोडाला ताण देत नाही, तो टॉर्कनेच येतो. ती फक्त नट गळू देत नाही.

तरी माझी पसंती कॅसल नटालाच. टॉर्च मारली की पिनेची वाकवलेली टोकं जागच्या जागी दिसतात. लॉकनट किंचित फिरलाय का, हे कळायला त्यावर रंगाची रेघ ओढून ठेवावी लागते.