कष्टाची भाकर, पुणे : हमालांच्या संघटनेची खानावळ

पुण्यातील 'कष्टाची भाकर' केंद्रावर मिळणारे जेवण अगदी साधे असते: भाकरी किंवा पोळी, झुणका, एखादी भाजी आणि सोबत चटणी-कांदा. चव घरच्या स्वयंपाकाची आहे. तेला-मसाल्याचा मारा नाही, त्यामुळे जेवून उठल्यावर ज्याला पुन्हा पाठीवर पोते घ्यायचे आहे त्याला हे अन्न मानवते. माझ्या मते कोणत्याही खानावळीची याहून कठीण परीक्षा नसते.

ही खानावळ डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये सुरू केली. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या बाबांनी १९५० च्या दशकात पुण्याच्या बाजारपेठेतील हमालांना संघटित केले. तेव्हा या माणसांना ठरलेला मालक नव्हता आणि म्हाताऱ्या वयासाठी कसलीही तरतूद नव्हती. १९६९ च्या माथाडी कायद्याने, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठीच्या कायद्याने, सरकारने नेमलेल्या मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि इतर हक्कांचा मार्ग खुला झाला, त्यामागे मुंबईत माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्याप्रमाणेच पुण्यातील या संघटनेचेही बळ होते. तथापि भांडून मिळवलेली मजुरीवाढ महागाई गिळून टाकते, आणि कुटुंब गावी ठेवून शहरात एकट्याने राहणाऱ्या हमालाला ती सर्वांत आधी जेवणाच्या खर्चात जाणवते. म्हणून संघटनेने स्वतःच चूल पेटवली आणि ना नफा ना तोटा या तत्त्वावर स्वस्त जेवण देऊ केले. मोर्चे आणि सत्याग्रह अनेक पुढाऱ्यांनी केले, परंतु कामगाराच्या ताटापर्यंत पोहोचलेला हा विचार मला बाबांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचा वाटतो.

येथे कोणीही शेजारी बसून जेवतो, हेही सहज घडलेले नाही. 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ याच माणसाने १९७० च्या दशकात उभी केली होती आणि पाण्यावरचा जातीचा पहारा उठवण्यासाठी तो गावोगाव फिरला होता. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, बाबांचे निधन झाले.

पाहुण्यांना गोडाधोडासह भरगच्च थाळी द्यायची असेल, तर पुण्यात इतर ठिकाणे पुष्कळ आहेत. कमी पैशांत पोटभर, स्वच्छ चवीचे जेवण हवे असणाऱ्या विद्यार्थ्याला, रिक्षाचालकाला किंवा कामासाठी शहरात आलेल्या कोणालाही मी हेच ठिकाण निःसंकोच सुचवेन. भाकरी मात्र गरम असतानाच झुणक्यासोबत खावी.