काजू बी घेणाऱ्याने जीएसटीसाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग या पट्ट्यात शेतकऱ्यांकडून काजू बी घेऊन, ती फोडून गर विकणारे माझ्यासारखे अनेक जण एकट्याच्या बळावर धंदा करतात. आपली उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी चुकत नाही, कारण न सोललेली काजू बी शेतकऱ्याकडून घेतली की तिच्यावरचा ५ टक्के कर विकणाऱ्याने नव्हे, तर घेणाऱ्याने भरायचा असतो. आपण त्याला आरसीएम (रिव्हर्स चार्ज, म्हणजे घेणाऱ्याने भरायचा कर) म्हणतो. सॉफ्टवेअर निवडताना माझ्या मते सगळे या एका गोष्टीवर येऊन थांबते, आणि दुकानदारांनी दिलेल्या सल्ल्यात नेमकी तीच गोष्ट नसते, कारण त्यांना तिची गरजच पडत नाही.

मी दोन हंगाम मोबाइलवर चालणारे, वर्षाची वर्गणी घेणारे ऑनलाइन ॲप वापरले आणि त्यानंतर संगणकावर बसवायचे हिशेबाचे सॉफ्टवेअर घेतले. दोन्हींची नावे मुद्दाम देत नाही, कारण माझा अनुभव त्या त्या वेळच्या आवृत्तीचा आहे आणि आज त्यात सुधारणा झालेली असू शकते. जीएसटी पोर्टलवर मोफत मिळणारे ऑफलाइन टूलही मी पाहिले होते. जीएसटीआर-१ साठी, म्हणजे विक्रीसाठी ते चांगले आहे, परंतु आपली अडचण खरेदीकडची असल्यामुळे तिथे त्याचा उपयोग होत नाही.

ॲपच्या बाजूने बरेच काही सांगण्यासारखे आहे. भट्टीजवळ उभ्या उभ्या बिल होते आणि ते व्हॉट्सॲपवर लगेच जाते. गोव्यातल्या व्यापाऱ्याचे बिल करताना आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी, आपोआप लागतो. खारवलेल्या काजूचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा ॲपमध्ये तो बदल मला हात न लावता झाला, असे अजूनही ॲप वापरणाऱ्या माझ्या भावोजींनी सांगितले. संगणकावर मात्र मला प्रत्येक मालाचा नवा दर तारखेसह स्वतः घालावा लागला. पावसाळ्यात नेट जाते म्हणून ॲप नको, असे पुष्कळ जण म्हणतात, पण काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे असल्यामुळे मला तरी त्याचा फारसा त्रास झाला नाही.

त्रास झाला तो शेतकऱ्याच्या खरेदीचा. हंगामात सकाळी दहा-बारा जण एकेक, दोन-दोन पोती घेऊन येतात आणि प्रत्येकाची वेगळी नोंद करावी लागते. शेतकरी नोंदणीकृत नसल्यामुळे ॲप ती खरेदी बिनकराची धरत असे. आरसीएमची खूण होती, पण ती प्रत्येक बिलावर, दोन पडदे आत जाऊन, स्वतंत्रपणे करावी लागे, आणि ती राहिली तर कोणतीही सूचना येत नसे. पोर्टलही ही चूक दाखवू शकत नाही, कारण शेतकरी रिटर्न भरत नाही आणि म्हणून त्याचा माल आपल्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टल तयार करते त्या आपल्या खरेदीच्या यादीत, कधीच दिसत नाही. म्हणजे ३बी या कर भरण्याच्या रिटर्नमधला, आरसीएमच्या खरेदीचा ३.१(ड) हा रकाना बरोबर भरला आहे की नाही, हे पाहणारे आपल्याशिवाय कोणीच नसते.

एका एप्रिलमध्ये माझ्या ३,४०,००० रुपयांच्या खरेदीवर ही खूण राहून गेली. सात महिन्यांनी, हिशेब जुळवताना, ते लक्षात आले. १७,००० रुपये कर रोखीने भरला आणि त्याचे क्रेडिट, म्हणजे विक्रीवरच्या करातून वजावट, मिळाले, हे खरे; परंतु वर्षाला १८ टक्के दराने सुमारे १,८०० रुपये व्याज गेले ते परत येणारे नव्हते. रकमेपेक्षा मनाला लागले ते हे, की पावत्या सगळ्या होत्या, वजने बरोबर होती, शेतकऱ्यांचे पैसे वेळेवर दिले होते, आणि तरीही रिटर्न चुकले.

संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘काजू बी’ या मालावर आरसीएमची खूण एकदाच करून ठेवली, आणि त्यानंतर नोंदणी नसलेल्या कोणाकडूनही बी घेतली की कर आपोआप आपल्या देण्यात धरला जातो. शिवाय शेतकऱ्याच्या नावाने आपणच काढायच्या सेल्फ इनव्हॉइसला तिथे वेगळी क्रममालिका देता येते. १ नोव्हेंबर २०२४ पासून हे इनव्हॉइस माल मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत काढणे बंधनकारक आहे, त्यामुळे हंगाम संपल्यावर सावकाश बसून लिहिण्याची जुनी सवय आता चालत नाही. या सॉफ्टवेअरची सुरुवातीची किंमत मला जड वाटली आणि शिकायला महिनाभर गेला. बॅकअपही दर आठवड्याला आठवणीने घ्यावा लागतो, कारण दप्तर वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असते.

ज्यांचा धंदा होम-स्टेचा आहे किंवा जे तयार काजू घेऊन विकतात, त्यांना ॲप कदाचित अधिक सोयीचे पडेल आणि मी त्यांना संगणकाचा आग्रह धरणार नाही. जे बी विकत घेतात त्यांनी मात्र पैसे देण्यापूर्वी चाचणीच्या आवृत्तीत एका शेतकऱ्याचे १,००,००० रुपयांचे खरेदी बिल घालावे, कुठेही वेगळी खूण करू नये आणि सरळ ३बी चा अहवाल उघडावा. तिथे ३.१(ड) मध्ये केंद्राचे २,५०० आणि राज्याचे २,५०० रुपये दिसले नाहीत, तर आधी मालाच्या पातळीवर ती खूण कायमची ठेवता येते का, हे विक्रेत्याला विचारावे, आणि त्याने ती दाखवल्याशिवाय वर्गणी भरू नये.