गाणी डिस्कमध्येच होती

वडील जत्रेच्या रात्री टेपरेकॉर्डर घेऊन जायचे. दशावतार, डबलबारी भजनं, सगळं कॅसेटवर भरून ठेवलेलं. ते गेल्यावर मी दोन पावसाळे घरी बसून त्या कॅसेटी एमपी थ्री केल्या आणि कॉम्प्युटरला बाहेरून जोडायच्या एका हार्ड डिस्कवर ठेवल्या. वेंगुर्ल्याच्या दमट हवेत फितींना बुरशी धरत होती म्हणून.

जुलैत एके सकाळी प्लेअरमध्ये प्रत्येक गाण्यापुढे उद्गारचिन्ह आलं. एकही वाजेना. घाबरून इंटरनेटवर 'डेटा रिकव्हरी' शोधलं आणि सर्वांत वर दिसलेल्या नंबरावर फोन लावला. माणूस हिंदीत बोलला, अगदी अदबीने. त्याने एक अॅप टाकायला लावलं, त्यातला नंबर विचारला, आणि माझा माऊस आपोआप हलू लागला. मग 'इव्हेंट व्ह्यूअर', म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून लाल खुणांची रांग दाखवली आणि व्हायरसने डिस्क खाल्ली म्हणाला. अशा खुणा धडधाकट विंडोजमध्येही असतात, हे मला नंतर कळलं. 4,999 रुपये भरले. तासाभराने डिस्क उघडली तर पूर्ण रिकामी. आता 'लॅबचे' आणखी 12,000 लागतील म्हणाला. तिथे मी फोन ठेवला आणि इंटरनेटची वायर उपटली.

शेजारचा मुलगा कुडाळला कॉम्प्युटर शिकतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकानू, गाणी खंयच जावक नाय होती." विंडोज जोडलेल्या प्रत्येक डिस्कला ओळखीसाठी एक अक्षर देतं. माझ्या डिस्कचं एरवी 'ई' असायचं. सकाळी मी आधी पेनड्राइव्ह लावला होता, पेनड्राइव्हने 'ई' घेतलं, डिस्कला 'एफ' मिळालं, आणि प्लेअर गाणी 'ई'मध्येच शोधत राहिला. विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये अक्षर बदललं की काम संपलं असतं. डिस्क पुसली ती त्या माणसाने, क्विक फॉरमॅट मारून.

हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटमध्ये फक्त फायलींची यादी पुसली जाते, वर नवीन काही लिहीपर्यंत गाणी आत राहतात. म्हणून डिस्कवर काही कॉपी करू नका, रिकव्हरीचा प्रोग्रामही दुसऱ्या डिस्कवर टाका. आम्ही फोटोरेक हा फुकटचा प्रोग्राम वापरला. बहुतेक गाणी मिळाली, नावं मात्र गेली. सगळ्या फायली 'एफ' आणि पुढे आकडे. कुठली जत्रा, कुठलं वर्ष, कोण गातंय, काही उरलं नाही. 4,999 रुपयांपेक्षा हे मला जास्त लागलं.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार मी दुसऱ्या दिवशी केली, तोवर पैसे पुढे गेले होते. तुम्ही त्याच मिनिटाला करा; लवकर कळवलं तर रक्कम वाटेत रोखता येते. आणि स्क्रीन कुणा अनोळख्याच्या हाती देऊ नका, तो कितीही गोड बोलो.

गावातले एक जुने मृदंगवाले आता रविवारी येतात. ठेक्यावरून कोण वाजवतंय ते सांगतात, मी नावं लिहितो. साडेचारशे फायली राहिल्यात.