फोटो दाखवायचे कुठे: ग्रुपवर, इन्स्टाग्रामवर, फ्लिकरवर की टेबलावर?

मागच्या दिवाळीत माझ्या भाच्यानं एक जुना पण जपून वापरलेला मिररलेस कॅमेरा घेतला. मायक्रो फोर थर्ड्सचा, म्हणजे लहान सेन्सरचा (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चिप), जाकिटाच्या खिशात जाणारा. सप्टेंबरात आम्ही दोघं कासला गेलो आणि तीन तासांत त्यानं चारशेच्या वर फोटो काढले. परत येताना यवतेश्वरच्या घाटात रेंज आली, तसे त्यातले बावीस फोटो घरच्या ग्रुपवर गेले. साताऱ्यात पोवई नाक्यावर पोचेपर्यंत उत्तरंही आली. सात अंगठे, दोन "वा", आणि आत्याचं "पाऊस होता का रे?"

"मामा, एवढ्यासाठी कॅमेरा घेतला का मी? तुम्ही फोटो कुठं दाखवता?"

हा प्रश्न सुरुवातीला सगळ्यांनाच पडतो. छोटा मिररलेस हातात आला की फोटो धडाधड निघतात, पण ते कुणी नीट बघायचे आणि त्यावर बोलायचं कुठं, ते ठरलेलं नसतं. मी चारही वाटा बऱ्यापैकी तुडवल्या आहेत.

आधी व्हॉट्सॲप, कारण सुटका नाही. पाठवलेला फोटो लगेच सगळ्यांच्या हातात असतो, आणि घरच्यांसाठी याहून सोपं काही नाही. पण साधा फोटो म्हणून पाठवलात तर त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. म्हणजे तुमच्या २० मेगापिक्सेलमधले जेमतेम दोन समोरच्याला मिळतात, आणि तेही दाबून. कासच्या गेंदाच्या फोटोत हे मला स्पष्ट दिसलं. गेंद म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी पांढरी फुलं, हजारोंनी एका सपाटीवर. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर प्रत्येक बटण वेगळं, त्याच्याखालची काडी वेगळी. ग्रुपवर त्याच फोटोत गार झालेल्या साबुदाणा खिचडीसारखा एक चिकट पांढरा थर. असं बारीक, सारखं पसरलेलं काही असलं की फाइल दाबताना पहिला बळी त्याचाच जातो. त्याच दिवशीचा तेरड्याच्या एकाच फुलाचा फोटो मात्र ग्रुपवरही झकास दिसत होता.

ऑगस्ट २०२३ पासून तिथं एचडीचा पर्याय आहे, तो वापरा. त्याहून बरं म्हणजे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. फक्त मग ती उघडून बघायचा आळस ग्रुपमधले निम्मे लोक करतात.

भाच्याच्या बाबतीत आणखी एक भानगड निघाली. कॅमेऱ्यातून वायफायनं फोनवर फोटो घेताना ते लहान करून पाठवायची सेटिंग कित्येक कॅमेऱ्यांत किंवा त्यांच्या ॲपमध्ये मुळातच चालू असते. म्हणजे फोटो एकदा फोनवर येताना आटला आणि दुसऱ्यांदा ग्रुपवर जाताना. कॅमेरा खराब निघाला, अशी त्याची समजूत झाली होती. विकायच्या आधी सेटिंग सापडली, हे नशीब.

चर्चेच्या दृष्टीनं मात्र ग्रुप म्हणजे एसटी स्टँड. कुणी फोटोवर दोन ओळी लिहायला घेईपर्यंत खाली तीन शुभ सकाळ आणि एक श्रद्धांजली येऊन पडते. फोटोग्राफीचा वेगळा ग्रुप काढला तरी महिनाभरात त्याची हीच गत. आम्ही पाच जणांनी एक काढला होता, "दिवसाला एकच फोटो" असा नियम करून. गणपतीपर्यंत टिकला.

इन्स्टाग्रामचं गणित वेगळं. तिथं अनोळखी माणूस तुमचा फोटो बघतो, हा त्याचा खरा फायदा. साताऱ्यात बसून सज्जनगडावरचं धुकं टाकलं की नागपूरचा कुणी "हे कुठलं?" विचारतो. ज्यांना लग्नाची, प्रॉडक्टची कामं हवी आहेत त्यांनी तिथं असावंच, त्यात वाद नाही. पण फोटो १०८० पिक्सेल रुंदीत बसतो, आणि जागा जास्त मिळते म्हणून माणूस उभा फोटो टाकायला लागतो. इथं तुमच्या सेन्सरचा आकार मध्ये येतो. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटर, म्हणजे ४:३. एपीएस-सी, म्हणजे त्याहून थोडा मोठा सेन्सर, साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे ३:२. इन्स्टाग्रामच्या नेहमीच्या ४:५ चौकटीत उभा ३:२ फोटो बसवायचा तर त्याचा सहावा हिस्सा कापावा लागतो, उभ्या ४:३ ला सोळावा पुरतो. २०२५ पासून ३:४ फोटोही चालतात, म्हणजे मायक्रो फोर थर्ड्सवाल्यांना काहीच कापायला नको. अजून कॅमेरा घ्यायचा असेल आणि सगळं फोनवरच दाखवायचं असेल, तर हे ध्यानात ठेवा. मेगापिक्सेल २० की ४०, यानं त्या १०८० मध्ये तसूभर फरक पडत नाही.

आडवा फोटो उभा करायला निघालात तर मात्र दोन्हीकडे कत्तल होते. त्याची एक गोष्ट पुढं सांगतो.

तिथली चर्चा? मनापासून लिहिणारे असतात, पण शोधावे लागतात. बाकी आगीची चिन्हं. माझ्या ज्या फोटोला तिथं सगळ्यात जास्त बदाम मिळाले तो चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांमागचा सूर्यास्त, आणि तो फोटो मला आज बघवत नाही. आकाश नको तितकं शेंदरी केलंय. गंमत अशी की बदाम बघून पुढचे सहा महिने मी तसलीच आकाशं रंगवत होतो.

फ्लिकर ही फोटो ठेवायची-दाखवायची वेबसाइट, २००४ सालची. आताच्या पोरांना ते आजोबांच्या ट्रंकेसारखं वाटतं, आणि वर्दळ कमी झालीये हे खरंच आहे. २०१८ मध्ये मालक बदलले, त्यानंतर फुकट खात्यावर १००० फोटोंची मर्यादा आली. मला तर ती मर्यादा आवडते, निवडायची सक्ती होते. फोटो मोठा दिसतो आणि फोटोखाली शटर, ॲपर्चर, आयएसओ, लेन्स हे सगळं आपोआप येतं. एकेका कॅमेऱ्याचे, एकेका लेन्सचे जमाव आहेत तिथं. तुमच्याच लेन्सनं दुसऱ्या कुणी काय केलं, हे बघून जेवढं शिकायला होतं तेवढं लेन्सचे रिव्ह्यू वाचून होत नाही.

पण आकड्यांवर चर्चा सुरू झाली की छोट्या सेन्सरवाल्यानं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. भाच्यानं कासला सीतेच्या आसवांचा फोटो एफ/४ ला काढला होता (हा आकडा वाढला की लेन्सचं भोक लहान होतं, पुढचं-मागचं जास्त शार्प येतं, पण उजेड कमी मिळतो). निळं-जांभळं फूल, नखाएवढं. त्यावर फुल फ्रेमवाल्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या, एका सद्गृहस्थांनी सल्ला दिला, "एफ/११ ठेवा, मागची पाकळी गेलीय." सल्ला त्यांच्या कॅमेऱ्यासाठी बरोबर. पण चौकट तीच धरली तर मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/४ ला जेवढी खोली शार्प मिळते, तेवढी फुल फ्रेमवर आणायला एफ/८ लागतो. भाच्याला एफ/५.६ नं काम भागलं असतं. पुढच्या खेपेला तो एफ/११ वर गेला, शटर मंदावलं, पठारावरच्या वाऱ्यात फूल हललं, आणि होती ती पाकळीही गेली. आकडा सांगणाऱ्याला आधी कॅमेरा विचारावा.

नॉइजचंही, म्हणजे अंधारातल्या फोटोत येणाऱ्या दाण्यांचंही, तसंच. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ मायक्रो फोर थर्ड्सच्या पावणेचार पटीहून जास्त, तेव्हा अंधारात फरक पडणारच. पण लोक फोटो शंभर टक्के मोठा करून आकाशाच्या एका कोपऱ्यात दाणे मोजतात, ते आठ बाय बारा इंचाच्या प्रिंटवर शोधूनही सापडत नाहीत.

फ्लिकरचा एक धोका आहे. कॅमेरा फोनच्या ॲपला जोडलेला असेल आणि ठिकाण नोंदवायचं चालू असेल, तर फोटोबरोबर जागाही जाते. दुर्मीळ फुलाचा किंवा घरट्याचा फोटो असेल तर ठिकाण काढून टाकाच. एकानं नकाशा बघितला की दहा जण तिथं गुडघे टेकून बसलेले असतात, आणि कासच्या कातळावरच्या मातीचा थर किती पातळ आहे ते तिथं वाकलेल्याला सांगायला नको. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते, डॉक्युमेंट पाठवलं तर राहते.

राहिला कागद. मला विचाराल तर माझा कल इकडेच आहे, त्यामुळे पुढचं त्या बेतानं वाचा.

आम्ही चार जण महिन्यातून एकदा राजवाड्याजवळ एकाच्या घरी जमतो. नियम दोनच. प्रत्येकानं तीनच प्रिंट आणायच्या, आणि ज्याचा फोटो त्यानं पहिली दोन मिनिटं गप्प बसायचं. दुसरा नियम पाळणं महाकठीण. "अरे, तिथं उभं राहायला जागाच नव्हती" हे ओठावर आलेलं गिळावं लागतं. टेबलावर जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचे काटकोनात कापलेले दोन तुकडे असतात. ते समोरासमोर धरून प्रिंटवर सरकवायचे, की चौकट हवी तेवढी लहान-मोठी होते. गेंदाचा तोच फोटो भाच्यानं आठ बाय बारावर काढून आणला होता. आमच्यातल्या एका काकांनी, ते निवृत्त चित्रकला शिक्षक, पुठ्ठा वरून सरकवत आणला, आकाश झाकलं, आणि नुसतं विचारलं, "आता?" भाचा बघतच राहिला. ढग छान होते म्हणून त्यानं घेतले होते. त्यांची गरजच नव्हती.

हे फोनवर होत नाही. फोनवर माणूस बोटानं पुढं सरकतो, टेबलावरचा फोटो मात्र चहा संपेपर्यंत समोरच पडलेला असतो.

कागदाचे ताप मात्र आहेत आणि ते आधी माहीत असलेले बरे. पहिला ताप आकाराचा. लॅबचे नेहमीचे चार बाय सहा, आठ बाय बारा, बारा बाय अठरा हे सगळे ३:२ आहेत. एपीएस-सीवाल्याचा फोटो अख्खा बसतो. मायक्रो फोर थर्ड्सवाल्याचा बारा बाय अठरावर छापताना उंचीतला दीड इंच उडतो. बावधनच्या बगाडाचा (यात्रेत नवसाच्या माणसाला उंच शिडाला टांगून बैल ओढतात तो गाडा) माझा आडवा फोटो असाच आला: गाडा आहे, गर्दी आहे, आणि वर शिडाला टांगलेला बगाड्या कमरेपासून वर नाही. रंगपंचमीला पहाटे उठून वाईजवळ गेलो होतो त्यासाठी. आता मी घरीच बारा बाय सोळाचा फोटो बारा बाय अठराच्या पांढऱ्या कागदावर मधोमध बसवून फाइल देतो. दोन्ही बाजूंना इंच-इंच पांढरं राहतं, दिसायलाही बरं.

दुसरा ताप लॅबच्या मेहेरबानीचा. सज्जनगडाचा पहाटेचा निळसर फोटो एका लॅबवाल्यानं न विचारता उजळून दिला. सकाळचे अकरा वाजल्यासारखा. "डल होता, करेक्शन मारलं" म्हणाला. तेव्हापासून पाकिटावर "करेक्शन नको" असं मोठ्या अक्षरात लिहितो. आणि कॅमेऱ्यात रंगांचं सेटिंग ॲडोबी आरजीबीवर गेलं असेल तर ते एसआरजीबीवर आणा, नाहीतर फोनवर आणि लॅबमध्ये दोन्हीकडे रंग मेलेले दिसू शकतात. पालीच्या खंडोबाच्या यात्रेतला भंडारा मेलेला दिसला, तर काय उरलं?

खर्च आहेच, पण महिन्याला तीन प्रिंटचा. दुसऱ्या लेन्सचा विचार डोक्यात घोळत असेल तर आधी वर्षभर प्रिंट काढा, असं मी भाच्याला सांगितलं. मोठ्या कागदाची भीतीही नको. २० मेगापिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सतरा बाय तेरा इंच निघतो, आणि भिंतीवरचा फोटो कुणी नाक लावून बघत नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन या एकदा. तिथले संस्थानिक पंतप्रतिनिधी भवानराव स्वतः चित्रं काढायचे, आणि त्यांनी उभ्या केलेल्या संग्रहालयात चित्रापासून किती लांब उभं राहायचं हे पाय आपोआप शिकतात.

मग भाच्यानं काय ठरवलं? घरच्यांसाठी व्हॉट्सॲप, पण बावीसऐवजी तीन फोटो. फ्लिकरवर निवडक. इन्स्टाग्राम काही सुटलं नाही, वयच तसं आहे. आणि महिन्याला तीन प्रिंट घेऊन तो आमच्यात येतो.

या वर्षी बगाडाला तो माझ्याबरोबर होता. बैलांच्या एका जोडीचा त्याचा फोटो इन्स्टाग्रामवर बराच चालला. पुढच्या रविवारी त्या फोटोची चार बाय सहाची प्रिंट घेऊन आम्ही बैलवाल्याच्या घरी गेलो. म्हाताऱ्यानं हात धोतराला पुसून प्रिंट घेतली, उजेडाला धरली, बराच वेळ बघितली.

"झ्याक आलाय. पण पोरा, आमचा डावा बैल कुठाय?"

मूळ फोटोत तो होता. उभी चौकट करताना कापला होता.