ब्लेंडरचं सायकल्स: कोपऱ्यातल्या टेबललॅम्पच्या कसोटीवर

सांगलीत विश्रामबागेकडच्या फ्लॅटचा बारा बाय पंधराचा हॉल. गिऱ्हाइकाला संध्याकाळचा रेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून संगणकाने काढलेलं चित्र, हवा: सोफ्याशेजारी कापडी शेडचा टेबललॅम्प, खिडकीत उरलासुरला उजेड. फुकट मिळणाऱ्या ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं सायकल्स हे रेंडर काढणारं इंजिन हे काम झकास करतं, पण दिव्याच्या वॉटच्या आकड्यात भलेभले फसतात.

बल्बच्या खोक्यावर ९ वॉट लिहिलंय म्हणून इथेही ९ टाकले, की लॅम्प खऱ्याच्या चौपट तेजाळतो आणि खिडकीशी त्याचा मेळ बसत नाही. इथला वॉट मीटरवर पडणाऱ्या विजेचा नव्हे, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा. ८०० ल्युमेनच्या एलईडीसाठी पॉइंट लाइट (एका बिंदूतून चहूकडे उजेड फेकणारा दिवा) सुमारे २ वॉटचा पुरे. मग खोली अंधारी दिसते. तेव्हा वॉट न वाढवता एक्स्पोजर, म्हणजे अख्ख्या चित्राचा उजळपणा, वाढवायचं. दिव्याची त्रिज्या ०.०३ मीटर ठेवा आणि रंगाला ब्लॅकबॉडी नोड (तापमानावरून उजेडाचा रंग ठरवणारा), २७०० केल्विन. आराखडा मिलिमीटरमधून आणताना माप चुकून खोली हजारपट झाली, तर दिवा लागलाय की नाही तेही कळत नाही.

खरी रड काचेची. बल्बचा काचेचा फुगा मॉडेल करून आत दिवा ठेवला की काच सावली टाकते. भिंत काळवंडते आणि उजेडाचे तुरळक पांढरे ठिपके तेवढे उरतात. काचेच्या मटेरियलमध्ये लाइट पाथ नोडमधल्या ‘इज शॅडो रे’ने ट्रान्सपरंट मिसळा, म्हणजे सावलीपुरती काच आरपार होते, किंवा त्या वस्तूची शॅडो व्हिजिबिलिटी बंद करा. फुगा शेडने झाकलेलाच असेल तर काढूनच टाकावा, कोण बघतंय!

शेडला जाडी देऊ नका. एकच पापुद्रा, डिफ्यूज (उजेड परत पसरवणारं) आणि ट्रान्सल्युसंट (उजेड पलीकडे झिरपू देणारं) निम्मे-निम्मे. मग बल्बाजवळ कापड उजळ आणि कडेला मधाळ होत जातं. शेडलाच एमिशन, म्हणजे स्वतःचा उजेड, दिलं तर ती सगळीकडे सारखी पेटते, प्लॅस्टिकच्या आकाशकंदिलासारखी.

ब्लेंडर ४.० पासून आलेलं एजीएक्स हे रंग दाखवायचं सेटिंग अति उजेडाने जळालेला भाग पूर्वीच्या फिल्मिक सेटिंगपेक्षा सौम्यपणे पांढरा करतं. चित्रातले दाणे पुसणारा डिनॉइझर मात्र कमी सॅम्पलवर (दर पिक्सेलला सोडलेल्या किरणांवर) कापडाची वीणही पुसतो. हजारभर सॅम्पल द्याच. ठिपके तरी राहिलेच तर इनडायरेक्ट क्लॅम्प (आपटून आलेल्या उजेडाची कमाल मर्यादा) १० वरून ३ वर आणा, फार खाली नेल्यास छतावरचा उजेड मरतो. रेंडरनंतर चित्रावर हात फिरवायच्या कंपोझिटरमधलं ग्लेअर (दिव्याभोवतीची चमक) चिमूटभरच. नाहीतर हॉलमध्ये धुकं शिरल्यासारखं दिसतं.