टिनटिनचा छोट्या आकाराचा संच : आठ महिन्यांनंतर

पहिल्या आठवड्यात टिनटिन या तरुण बातमीदाराच्या चित्रकथांच्या या संचाला मी पाचपैकी दोनच तारे दिले असते. मूळ अल्बम कसे ऐसपैस, मांडीवर पसरून वाचायचे. इथे एका हातात मावणाऱ्या जाडजूड पुस्तकात तीन-तीन गोष्टी कोंबल्यात. चाळिशी लागलेल्याने फुग्यांतला मजकूर वाचायचा म्हणजे दिव्याखालीच बसायला हवं. त्यात टिनटिनचा मित्र कॅप्टन हॅडॉक शिव्या द्यायला लागला की अर्धी चौकट अक्षरांचीच!

पण रोज रात्री मुलीला वाचून दाखवताना लक्षात आलं, की गुदमरतात ती अक्षरं, चित्रं नाहीत. टिनटिनचा चित्रकार एर्जे याची रेषा सगळीकडे जवळपास सारख्याच जाडीची, रंग सपाट, सावल्यांची रेघारेघ नाही. या शैलीला ‘स्वच्छ रेषा’ हे नाव योस्ट स्वार्ते या डच चित्रकाराने १९७७ मध्ये दिलं. टिनटिन तर १९२९ पासूनचा.

‘द क्रॅब विथ द गोल्डन क्लॉज’ या खेकड्याच्या गोष्टीत वाळवंटात गोळी लागून हॅडॉकची बाटली फुटते आणि तो पिसाळून एकटाच हल्लेखोरांवर धावून जातो. मग ते पळतात ती चौकट: एक आडवा पडलेला, एक उठतोय, एक उभा राहिलाय, एक धूम पळतोय. मुलगी त्यावरून बोट फिरवत म्हणाली, “बाबा, हा एकच माणूस आहे ना?” एर्जेच्या स्वतःच्या आवडत्या चौकटींपैकी ही एक. काडेपेटीएवढ्या जागेतही ती पळते.

बांधणी मात्र रद्दी. शिवण नाही, नुसता गोंद. तिबेटचा खंड सर्वांत जास्त हाताळला गेला, त्यातलं दिल्लीचं पान सुटलंच. रस्त्यात बसलेली गाय ओलांडायला जातो आणि हॅडॉक तिच्याच पाठीवरून निघतो, नेमकं तेच! चिकटपट्टीवर टिकून आहे.

काँगोची गोष्ट या संचात नाही. तिथल्या माणसांची ती हिणवणारी चित्रं लहान मुलीला कशी समजावणार होतो, कोण जाणे. त्यामुळे तक्रार नाही. ‘ब्लू लोटस’ या चीनमधल्या गोष्टीपाशी मात्र आकार नडला. १९३४ मध्ये ब्रुसेल्सला शिल्पकला शिकणारा चँग चोंग-रेन एर्जेला भेटला आणि ऐकीव चीन काढणं थांबलं. त्या गोष्टीतल्या भिंतींवरच्या घोषणा खऱ्या चिनी आहेत, ‘जपानी मालावर बहिष्कार’ वगैरे. इथे त्यांच्या मुंग्या झाल्यात.

साडेतीन तारे. ‘ब्लू लोटस’ मोठ्या आकारात वेगळा मागवलाय.