कोळीवाड्यातलं डॉक्युमेंटरी स्क्रीनिंग, एकदा तरी जाच

महिन्यातून एकदा कोळीवाड्याच्या समाज हॉलमध्ये डॉक्युमेंटरी दाखवतात, तिकीट वगैरे काही नाही, दाराशी डबा असतो त्यात जमेल तेवढं टाकायचं. त्यातूनच दिग्दर्शकाला स्क्रीनिंगची फी जाते. डाउनलोड केलेली फाइल लावत नाहीत, रीतसर परवानगी घेतात, आणि याचं मला खरंच खूप कौतुक आहे कारण असल्या फिल्मला थिएटर कोण देतंय.

या वेळी सर्वनिक कौर यांची 'अगेन्स्ट द टाइड' होती, 2023 ला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलमध्ये स्पेशल ज्युरी अवॉर्ड मिळालेली. मुंबईतले दोन कोळी मित्र, एक किनाऱ्याजवळ बापजाद्यांच्या पद्धतीने मासेमारी करणारा आणि दुसरा परदेशात शिकून आलेला, मोठी बोट, डोक्यावर कर्ज, खोल समुद्रात एलईडीच्या उजेडात मासे धरायच्या मार्गाला लागलेला. या एलईडीवर केंद्राची 2017 पासून बंदी आहे, तरी चालतंच.

पण ही फिल्म घरी लॅपटॉपवर बघणं वेगळं आणि तिथे बघणं वेगळं. पुढे सतरंजीवर मावश्या बसलेल्या, त्यांना सबटायटलची गरजच नाही, त्या आधी हसायच्या आणि मागे खुर्च्यांवरचे आम्ही वाचून मग हसायचो. जाळं वर आलं आणि त्यात मासळीपेक्षा प्लास्टिकच दिसलं की एक मावशी मोठ्याने म्हणाली, "ह्येच आमचं रोजचं!" आणि सगळा हॉल तिच्याकडे वळला.

फिल्म संपल्यावर चर्चा असते आणि खरं सांगायचं तर मी त्यासाठीच जाते. एक म्हातारे काका उठून म्हणाले एलईडीवाले आमच्या पोटावर पाय देतात, तर त्यांच्याच मागे बसलेला पोरगा म्हणाला मग बोटीचा हप्ता कोण भरणार, डिझेलला पैसे कुठून आणू. दोघांचंही खरं होतं. बाहेरून आलेलं कोणी मध्ये पडलं नाही आणि आयोजकांनीही बोलू दिलं, शहाणपण शिकवलं नाही.

आता तक्रारी. वर पत्रा आहे त्यामुळे आवाज घुमतो, मागे बसलात तर अर्धं कळत नाही, अजून एक स्पीकर लावा प्लीज. याआधी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरची 'नीरोज गेस्ट्स' दाखवली होती, त्यात बरंचसं इंग्रजी, आणि मावश्या मधूनच उठून गेल्या. मराठी सबटायटल करायला कॉलेजची पोरं मिळतील, विचारून तर बघा, मी स्वतः मदत करायला तयार आहे. आणि सुरुवात साडेसहालाच करा ना, सव्वासातला सुरू करता आणि मग चर्चा रंगात आली की हॉलवाला चाव्या वाजवत उभा राहतो. त्या पोराचं बोलणं अर्धंच राहिलं, पुढच्या महिन्यात आधी त्याला बोलू द्या.